नेपल्सला एकटी जा, महालात नको!

गेल्या वर्षी मी नेपल्सला एकटी नऊ दिवस राहून आले, तेव्हा माझं जेवढं कौतुक झालं तेवढं बारावीच्या निकालालाही झालं नव्हतं. काकांनी फॅमिली ग्रुपवर माझा फोटो टाकला. खाली अंगठे, टाळ्या, आगीचे इमोजी. शेजारच्या काकूंनी त्यांच्या मुलीला मुद्दाम बोलावून सांगितलं, "बघ, ताई कशी एकटी जग फिरून आली." आईनं व्हिसा लागेपर्यंत देव पाण्यात ठेवले होते. तीही आता फोनवर मावशीला सांगत होती, "आमची काही घाबरत नाही बाप्पा कोणाला."

त्यानंतर दोन आठवड्यांनी, रविवारी सकाळी, चपला घालता घालता मी म्हटलं, "महालात जाऊन येते."

"कोणासोबत?"

"एकटीच."

"काय आणायचंय?"

"काही नाही. फिरून येते."

आईनं निवडायला घेतलेली मेथी खाली ठेवली. "महालात कायचं फिरणं? काही आणायचं असेल तर सांग, बाबा गाडीनं आणून देतील."

म्हणजे सात हजार किलोमीटरवर एकटं जाणं हे धाडस, आणि घरापासून सात किलोमीटरवर एकटं जाणं हा वेडेपणा. हे मला पटत नाही. आपल्याकडे सोलो ट्रिपचं जे कौतुक चाललंय ते एकटं फिरण्याचं कौतुक नाहीच, हे मला आता कळायला लागलंय. ते लांब जाण्याचं आणि पैसे खर्च करण्याचं कौतुक आहे. एकटं फिरण्याला आपला विरोध होता तसाच आहे.

आधी नेपल्सबद्दल सांगते, कारण ते शहर मला खरोखर आवडलं. इटलीला जाणारे आपले लोक रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस करतात आणि नेपल्सला वळसा घालतात. घाण आहे म्हणतात, चोर आहेत म्हणतात. थोडं खरंही आहे. पण जुन्या शहरातला रस्त्यांचा आराखडा ग्रीकांनी घातलेला आहे. एक सरळसोट अरुंद रस्ता वस्तीला मधोमध चिरत जातो, त्याचं नावच 'स्पाक्कानापोली', म्हणजे नेपल्सचे दोन तुकडे करणारा. वर दोरीवर कपडे वाळतायत, खाली स्कूटर कोपराला घासून जातेय, भिंतीतल्या कोनाड्यात मेरीपुढे दिवा लावलाय आणि दोन पावलांवर मॅराडोनाचा फोटो, त्यालाही फुलं. कॉफी उभ्यानं प्यायची, दोन घोटांत, आणि चालू लागायचं. सान ग्रेगोरिओ आर्मेनो नावाच्या गल्लीत बारा महिने ख्रिस्तजन्माच्या देखाव्यातल्या मूर्ती बनवतात. मेंढपाळ, देवदूत, बाळ येशू, आणि त्यांच्याच शेजारी फुटबॉलपटू आणि पुढारी. मी त्या गल्लीत एका कारागिराला मूर्तीचे डोळे रंगवताना तासभर बघत उभी होते. त्यानं एकदा मान वर केली, हसला, पुन्हा कामाला लागला. काय पाहिजे, असं त्यानं विचारलं नाही.

तो तास मला अजून आठवतो. इटालियन येत नसल्यामुळे कोणाशी बोलायचं नव्हतं, कोणाला भूक लागली नव्हती, कोणाचे पाय दुखत नव्हते, कोणाला सेल्फी नको होता. कंटाळा आला की वळायचं. चुकलं तरी चालेल, कारण वाट बघणारं कोणी नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याच गल्लीत पुन्हा गेले. ग्रुपसोबत असते तर "हे झालंय ना कालच" म्हणून कोणीतरी पुढे ढकललं असतं.

परतीच्या विमानात मी विचार करत होते की हा आनंद नेमका कशाचा. पिझ्झाचा नव्हता. तो चांगला होता, पण नऊ दिवस खाल्ल्यावर मला पोळी आणि झुणका हवा होता. आनंद होता कोणाला जबाब द्यायचा नसण्याचा. गंमत बघा. व्हिसाच्या अर्जात प्रवासाचं कारण विचारतात, आणि तिथे 'पर्यटन' या एका शब्दावर भागतं. बँकेचं स्टेटमेंट आणि विमा लागतो, पण फिरायला जातेय हे कारण परक्या देशाच्या सरकारला पुरतं. माझ्या घराला पुरत नाही.

आणि महालात बघण्यासारखं काय आहे म्हणता?

मेट्रोनं चितारओळी चौकाला उतरा. सेंट्रल अॅव्हेन्यूवरची ही मेट्रो २०२२च्या डिसेंबरात सुरू झाली, त्यामुळे आता पार्किंगचं कारणही उरलं नाही. पोळ्याच्या आधी गेलात तर चितार ओळीत दोन्ही बाजूंना मातीचे गणपती वाळत असतात, काहींना हात नाहीत, काहींना सोंड नाही, सगळे एकाच राखाडी रंगाचे. नेपल्सच्या त्या गल्लीची सख्खी बहीण म्हणावी अशी ही ओळ. तिथे येशूशेजारी फुटबॉलपटू, तर आपल्याकडे तान्ह्या पोळ्याला बडग्या. महागाईचा, भ्रष्टाचाराचा, त्या वर्षी ज्यानं डोकं फिरवलं असेल त्याचा. १८८०च्या दशकापासून काळी आणि पिवळी मारबत निघते, इतवारीत समोरासमोर येते, रोगराई सोबत घेऊन जळते. असलं काही इटलीत असतं तर आपण त्याच्या तारखा बघून तिकिटं काढली असती.

पुढे चालत राहा. भांडे ओळ, किराणा ओळ, सराफा. एकेका धंद्याची एकेक ओळ, आणि वस्त्यांना वारांची नावं: इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी, मंगळवारी. बाजार भरायचा दिवस गेला, नाव राहिलं. गोंड राजा बख्त बुलंद शाहनं अठराव्या शतकाच्या तोंडावर हे शहर वसवलं, मग भोसले आले, १८५४ला इंग्रजांनी राज्य खालसा केलं. वाड्यांचे कोरीव लाकडी खांब अजून काही ठिकाणी उभे आहेत, त्यांना आता केबलच्या वायरी गुंडाळलेल्या असतात. लाल मिरचीचा ठसका बसतो, कापडाच्या गाठी डोक्यावर घेतलेला हमाल "साइड, साइड" ओरडत अंगावर येतो. नेपल्समधल्या गर्दीला आपण 'व्हाइब' म्हणतो. इथल्या गर्दीला 'काय बाई ती गर्दी' म्हणतो.

पण मी चितार ओळीत उभी राहिले तर दोन मिनिटांत प्रश्न येतो. "ताई, मूर्ती पाहिजे का? किती फुटाची?" तो बिचारा धंदा करतोय, त्याचा राग नाही. मी म्हटलं, नुसती बघतेय. मग त्यानं माझ्या मागे कोणी आहे का ते पाहिलं. पुढे एका पानठेल्यावरचं पोट्टं दुसऱ्याला म्हणालं, "हे मॅडम काहून फिरून राहिली बे मघापासून?" वाईट हेतूनं म्हणालं असं मला वाटत नाही. त्याला खरंच कोडं पडलं होतं.

म्हणून कॉलेजात असल्यापासून माझी एक युक्ती होती: पिशवी. खांद्याला कापडी पिशवी अडकवली आणि तिच्यात एखादी मेथीची जुडी टाकली की कोणी विचारत नाही. पिशवीवाली बाई कामाला निघालेली असते. घरीही "अस्तर घ्यायला जाते" म्हटलं की सुटका. किती मुली हे करतात ते मैत्रिणींना विचारून बघा. कोणाची पिशवी असते, कोणाचा फोन असतो, जो कानाला लावून कोणीही पलीकडे नसताना बोलत राहायचं. नेपल्समध्ये माझ्याकडे पिशवी नव्हती. हे मला तिसऱ्या दिवशी लक्षात आलं.

२०११ला शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं मुंबईतल्या बायकांवरचं 'व्हाय लॉइटर?' हे पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं साधं होतं की बाईला रस्त्यावर असण्यासाठी कारण दाखवावं लागतं, आणि बिनकामाचं रेंगाळता येणं हाच खरा हक्क आहे. ते वाचताना मला वाटलं होतं, मुंबईवाल्यांची चैन आहे ही. आता वाटतं, आपल्याला त्याची जास्त गरज आहे. २०१९च्या सरकारी टाइम यूज सर्व्हेची आकडेवारी घेऊन झालेल्या एका अभ्यासात शहरी भारतातल्या ५३ टक्के बायका आदल्या दिवशी घराबाहेर पडल्याच नव्हत्या. पुरुषांत हे प्रमाण १४ टक्के. एकटीनं फिरण्याचं सोडा, उंबरा ओलांडण्याचा हा हिशेब आहे.

आता सुरक्षेचं. हा मुद्दा येतोच, आणि तो खोटा नाही. पण नेपल्स सुरक्षित आहे म्हणून मला घरच्यांनी सोडलं होतं का? जाण्याआधी सगळ्यांनी तिथल्या पाकीटमारांचे व्हिडिओ पाठवले होते. पाचव्या दिवशी संध्याकाळी एक माणूस दोन गल्ल्या माझ्या मागे आला. मी एका बेकरीत शिरले, नको असलेला पाव घेतला, तो जाईपर्यंत थांबले. घाबरले होते. हे मी घरी सांगितलं तेव्हा "हुशारीनं निभावलंस" म्हणाले. हेच इतवारीत झालं असतं तर "गेलीच कशाला होतीस?" म्हणाले असते आणि तिथून पुढे भाऊ सोबत दिला असता. धोका तोच, मुलगीही तीच. फरक एवढाच की तिकडे मला ओळखणारं कोणी नाही, आणि इकडे कोणीतरी बघेल. सुरक्षा म्हणताना पुष्कळदा आपल्याला 'लोक काय म्हणतील' म्हणायचं असतं. तसं स्पष्ट म्हणा, मग त्यावर भांडू.

एक मित्र म्हणाला, इतवारीत हजारो बायका एकट्या असतात, तुझं हे सगळं कॉलनीतलं रडगाणं आहे. असतात ना. पहाटे भाजी आणणाऱ्या, दुकानं झाडणाऱ्या, ओझी उचलणाऱ्या. पण त्यांच्याकडे पिशवीपेक्षा मोठं कारण आहे, पोट. त्यांना तरी कोण नुसतं उभं राहू देतं? आणि हे फक्त बायकांचंही नाही. माझा मोमिनपुऱ्यातला एक मित्र आमच्या भागात पायी फिरला तर त्याला "कोणाकडे आलास?" विचारतात. रोममध्ये त्याला कोणी विचारलं नव्हतं. आपल्याच शहरात पर्यटक म्हणून फिरायची मुभा कोणाला आहे याची यादी केली तर ती फार छोटी निघेल.

१८८३ला आनंदीबाई जोशींनी अमेरिकेला निघण्याआधी श्रीरामपूरला, म्हणजे कलकत्त्याजवळच्या सेरामपूरला, भाषण केलं. लोक त्यांना जे विचारत होते ते प्रश्न घेऊन त्यांनी एकेकाचं उत्तर दिलं. त्यांतला एक प्रश्न होता, एकटी का जातेस? तेव्हा त्या अठरा वर्षांच्याही नव्हत्या. त्यांच्याकडे उत्तर तरी भक्कम होतं, त्या डॉक्टर व्हायला निघाल्या होत्या. मीना प्रभूंनी इटलीवर 'रोमराज्य' लिहिलं, त्यांच्याकडेही पुस्तक हे कारण होतं. ज्या मुलीला डॉक्टर व्हायचं नाही, पुस्तक लिहायचं नाही, रीलसुद्धा करायचं नाही, नुसतं दुपारभर शुक्रवारी तलावाच्या काठानं चालायचंय, तिनं काय उत्तर द्यायचं?

त्या रविवारी मी गेले. वाद घालून, तोंड फुगवून, पण गेले. दुपारी भूक लागली तेव्हा एका सावजी भोजनालयात शिरले. कोष्टी विणकरांच्या घरातलं हे जेवण आज सगळ्या नागपूरची शान आहे, पाहुण्यांना आपण ते मिरवून खायला घालतो. आत सगळे पुरुष. वाढपी लगबगीनं आला. "पार्सल का, मॅडम?" नाही, बसून खायचंय. "फॅमिली आहे का? फॅमिली रूम वर आहे." म्हटलं, मीच आहे. त्यानं गल्ल्यावरच्या काकांकडे पाहिलं. काकांनी मान हलवली, होय की नाही ते कळलं नाही. मी पंख्याखालच्या टेबलावर बसले. पाटोडी रस्सा आणि ज्वारीची भाकरी मागवली. नाकाडोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी न बोलता कांद्याची बशी माझ्याकडे सरकवली.

बिल देताना काकांनी विचारलं, "बाहेरगावच्या का तुम्ही?"

"नाही, इथलीच."

"अस्सं," म्हणाले, आणि सुटे पैसे मोजायला लागले.

घरी आले तेव्हा आई दारातच होती. माझे हात बघितले. "काय आणलं?"

काही नाही, म्हटलं. पुढच्या रविवारी पुन्हा जातेय. चितार ओळीतल्या त्या मोठ्या गणपतीला तोवर सोंड लागली असेल.