शंका-समाधान : एका गळलेल्या प्रश्नचिन्हाविषयी

आमच्या भिवपुरीच्याच एका भगिनींनी दहावीच्या निकालानंतर पत्र पाठवून दोन शंका विचारिल्या आहेत. त्यांचे चिरंजीव व त्यांचा एक मित्र पाचव्या इयत्तेपासून एकाच बाकावर बसले आणि एकाच गाडीने कर्जतच्या शाळेत गेले. निकाल लागताच मित्राने आपले गुण भ्रमणध्वनीवरून कळविले. ते अपेक्षेहून पुष्कळ कमी होते. चिरंजीवांनी उत्तर लिहिले : "एवढेच मिळाले". पुढे कोणतेही चिन्ह नाही. त्या दिवसापासून मित्राने बोलणे सोडले आहे. भगिनी विचारितात, हा दोष व्याकरणाचा की मनाचा? आणि गुणांत इतके अंतर पडल्यावर मैत्री टिकते काय?

प्रथम व्याकरण पाहू. संस्कृतात 'किम्', 'अपि' ही अव्यये प्रश्नाचा भार वाहतात. म्हणून तेथे एका किंवा दोन दंडांवर भागले. मोडी लिहिणारे तर विरामचिन्हे वापरीत नसत आणि शब्दही सुटे करीत नसत. आजची आपली स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह आदी चिन्हे इंग्रजीच्या धर्तीवर आली. मेजर थॉमस कँडी यांनी १८५० साली 'विरामचिन्हांची परिभाषा' हे पुस्तक लिहून ती मराठी वाचकांस समजावून दिली. त्यापूर्वी 'का', 'काय', 'ना' या शब्दांनी प्रश्न कळत असे. बोलताना मात्र आपण पुष्कळदा 'का' गाळितो व केवळ स्वर चढवून प्रश्न करितो. तो चढलेला स्वर लेखनात उमटत नाही. त्याचे काम प्रश्नचिन्हास करावे लागते. तेच गळाले, म्हणजे वाचणारा आपल्या मनातले चिन्ह तेथे घालतो. आणि निकालाने नुकताच दुखावलेला मुलगा कोणते घालील, हे सांगावयास नको.

तथापि सारा दोष चिन्हावर टाकून चिरंजीवांस मोकळे करिता येणार नाही. 'एवढेच' यातील 'च' प्रश्नचिन्ह दिले तरी बोचतो. "कसा आहेस? मी घरी येऊ का?" असे लिहिले असते, तर चिन्हे गळूनही अर्थ बिघडला नसता. म्हणजे दोष थोडा व्याकरणाचा आणि अधिक घाईचा आहे.

आता दुसरी शंका. आपल्या राज्यात २०१० पासून दहावीची टक्केवारी सहांपैकी ज्या पाच विषयांत गुण अधिक असतील, त्यांवरून काढितात. सहाही विषय धरिले, तर त्याच मुलाचा आकडा बदलेल. मुलगा मात्र तोच राहील. प्रवेशाच्या कामी हा आकडा लागतो आणि तो तुच्छ मानावा असे आमचे म्हणणे नाही. परंतु नियम बदलताच जो बदलतो, त्यावर सहा वर्षांचा स्नेह तोलू नये. संस्कृतात 'गुण' शब्दाचा एक अर्थ दोरा असाही आहे. त्याने बांधावे, तोडू नये. पाणिनीने सख्याला 'साप्तपदीन' हा शब्द दिला आहे : सात पावले बरोबर चालून जे लाभते ते. या दोन मुलांनी तर सहा वर्षे रोज स्थानकाची वाट बरोबर तुडविली आहे.

म्हणून भगिनींस विनंती की, चिरंजीवांस पुन्हा संदेश लिहू देऊ नये. मित्राच्या घरी पाठवावे. "मी विचारले होते, हिणवले नव्हते, पण तुला लागले, हे माझे चुकले," एवढे त्याने समक्ष बोलावे. आपले गुण तेथे काढू नयेत, उपदेशही करू नये. मित्र पहिल्या दिवशी बोलला नाही, तर चार दिवसांनी पुन्हा जावे. आपणही त्या मुलाच्या आईपाशी निकालाची तुलना टाळावी. लवकरच दोघांच्या वाटा निरनिराळ्या होतील. एक एका विद्यालयात, दुसरा दुसऱ्या. गाडी एक आहे, तोवर हे काम उरकावे.