उभे राहणारे, डावीकडून

लक्ष्मी रस्त्यावर दिवाळीच्या खरेदीला निघालेल्या गृहिणींच्या यादीत हल्ली एका कलमाची भर पडली आहे. घरात दहावीतली मुलगी असेल, तर 'सेंड-ऑफची साडी'! निरोप-समारंभ हिवाळ्याच्या अखेरीस. पण साडीची बोलणी आकाशकंदिलाबरोबरच सुरू होतात. साडी शेवटी आईचीच ठरते. मग ब्लाउज आत घेणे आले, धावदोरा आला, आणि "ऐन वेळी निऱ्या कोण काढून देणार?" हा प्रश्नही आला. मुलगे म्हणाल, तर तेही कमी नाहीत. वडिलांचा लग्नातला कोट खांद्यांत बसत नाही, म्हणून नवा हवा असतो.

हौसेला माझा विरोध नाही. सोळाव्या वर्षी नटायचे नाही तर कधी? मात्र ही सारी तयारी ज्या फोटोसाठी चालते, त्याविषयी थोडे बोलायचे आहे.

पुण्यातल्या शाळा जुन्या. न्यू इंग्लिश स्कूल १८८० सालचे, हुजूरपागा १८८४ ची. आजी, आई आणि नात एकाच शाळेच्या, असे इथे सहज आढळते. आजीचा फोटो अकरावीचा. १९७५ पासून शालान्त परीक्षा दहावीला आली, म्हणून आईचा दहावीचा. चेहरे मात्र दोन्हींत सारखेच गंभीर. जुन्या कॅमेऱ्यापुढे फार वेळ निश्चल बसावे लागे म्हणून, असे पुष्कळांना वाटते. १८३९ साली दागेरची छायाचित्रकला जाहीर झाली तेव्हा ते खरे होते. आजीच्या वेळी कॅमेऱ्याला क्षणाचा अंश पुरत असे. गांभीर्य होते ते प्रसंगाचे, आणि मधल्या खुर्चीत मोठ्या बाई बसल्याचे!

त्या फोटोंत बहुधा गणवेश असे. कोण बंगल्यातली आणि कोण वाड्यातल्या दोन खोल्यांतली, हे पाहणाऱ्याला कळत नसे. आता कळते. नव्हे, त्याहून वाईट घडते. साडी-कोटाची जुळणी न झालेले मूल "पोट दुखते" म्हणून घरी राहते, आणि वर्षानुवर्षे एका बाकावर बसलेला मित्र फोटोत नसतो. उपाय साधा आहे. वर्गाचा फोटो आधी, शाळेच्या एखाद्या नेहमीच्या दिवशी, गणवेशात काढावा. साड्या, कोट आणि मोबाइल मागाहून खुशाल येऊ द्यावेत. पालक-सभेत हे सुचवायला दिवाळीनंतरचा महिना बरा.

फोटो घरी आला की त्याच दिवशी नावे लिहावीत, 'उभे राहणारे, डावीकडून' अशी रांगवार. "आम्ही कसे विसरू?" असे मुले म्हणतील, त्यांनी आजीला तिच्या फोटोतली किती आठवतात ते विचारावे. मागच्या पुठ्ठ्यावर मऊ पेन्सिलीने लिहिले की पुढे वळ उमटत नाही. आणि कडेला उभ्या असलेल्या मावशींचे नाव शाळेत विचारून यावे; नुसते 'मावशी' लिहू नये.