हरण्या रोग मळ्यात, पीएच.डी. कपाटात : संशोधन करायला शिकवणार कोण?

बहादरपुर : पावसाळ्यात आभाळ आठ-दहा दिवस भरून राहिलं, की बहादरपुरपासून रावेरपर्यंत केळीच्या मळ्यांत एकच बोलणं सुरू होतं. पोंग्याजवळच्या पानांवर पिवळे पट्टे दिसायला लागतात आणि शेतकरी म्हणतो, "भाऊ, हरण्या आला." हा हरण्या म्हणजे सीएमव्ही, कुकुंबर मोझॅक व्हायरस. 1916 साली अमेरिकेत काकडीवर त्याची पहिली नोंद झाली, म्हणून नाव काकडीचं. मार मात्र आपल्या केळीला. मावा कीड तो या झाडावरून त्या झाडावर नेते. औषध नाही. झाड उपटा आणि मळ्याबाहेर नेऊन नष्ट करा, एवढाच सल्ला.

शेतकऱ्याचा पुढचा प्रश्न साधा असतो. रोग टिश्यू कल्चरच्या रोपातून आला, की बांधावरच्या तणातून, की शेजारच्या काकडी-भोपळ्याच्या वेलातून? याचं उत्तर आपल्या भागापुरतं कुणी नीट काढून दिलं, तर पुढच्या मृग बागेत पैसे वाचतील. बऱ्हाणपुरात कॉलेजं आहेत, वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक आहेत, पीएच.डी.ला नाव नोंदवलेली पोरं-पोरी आहेत. मग अडतं कुठं?

हुशारीवर नाही अडत. अडतं ते संशोधन करायची जी रोजची कारागिरी असते, ती कुणी हाताला धरून शिकवत नाही म्हणून.

उदाहरण घेऊ. समजा एक तरुण प्राध्यापक मळ्यात गेला आणि रोगट झाडांची दहा पानं घेऊन आला. प्रयोगशाळेत तपासली, दहाही पानांत विषाणू निघाला. निष्कर्ष काय? काहीच नाही. त्याच मळ्यातली धडधाकट दिसणारी दहा झाडं त्यानं तपासली का? पान लोह किंवा जस्त कमी पडल्यानंही पिवळं होतं, ते वेगळं कसं केलं? आणि बोलावलं कुणी? ज्याच्या मळ्यात रोग आहे त्यानंच. ज्याचं पीक चांगलं आहे तो कशाला फोन करेल! मग रोगट मळेच मोजले गेले आणि "एवढे टक्के लागण" हा आकडा जन्मतःच फुगला.

दुसरी चूक याहून जास्त होते. एकाच मळ्यातली शंभर झाडं मोजायची आणि लिहायचं की नमुने शंभर. पण त्या मळ्याची माती एक, पाणी एक, रोपं एकाच गाडीतून आलेली. म्हणजे हिशेबाला तो नमुना एकच. वीस मळ्यांतली पाच-पाच झाडं मोजली असती तर मेहनत जवळपास तेवढीच आणि उत्तर कितीतरी खरं. हे संख्याशास्त्राच्या पुस्तकात असतं, पण मळ्यात उभं राहून दाखवणारा कुणी लागतो.

इंजिनिअरिंगवाल्यांसाठी आपल्या शहरात याहून मोठा फळा नाही : कुंडी भंडारा. 1615 साली बांधलेली, सातपुड्याकडून झिरपणारं पाणी जमिनीखालून शहरात आणणारी ही व्यवस्था. मार्च 2024 मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, तेव्हा सगळ्यांनी फोटो टाकले. शंभरावर कुंड्या आहेत, पाण्यातल्या चुन्याचे थर भिंतींवर चढताहेत, वाट अरुंद होतेय. थर कोणत्या कुंडीत किती वेगानं चढतो? यासाठी परदेशी यंत्र लागत नाही. त्याच कुंड्या, दर महिन्याला, त्याच खोलीवरून बाटली भरायची, बाटलीवर तारीख-वेळ लिहायची, प्रत्येक नमुना दोनदा तपासायचा, आणि पाच वर्षं हे सोडायचं नाही. उन्हाळ्यात एकदा जाऊन एक बाटली आणली, तर प्रोजेक्टची फाईल होते, ज्ञान होत नाही. पाच वर्षांचं काम करायला वही लागते, आणि वही पुढच्या विद्यार्थ्याच्या हातात द्यायची सवय लागते. आपल्याकडे पोरगं पास झालं की वही रद्दीत.

आता नियमांकडे बघू, कारण गेल्या काही वर्षांत ते भराभर बदललेत. 2019 च्या शेवटी यूजीसीनं पीएच.डी.वाल्यांना संशोधन आणि प्रकाशनाची नीतिमत्ता हा दोन क्रेडिटचा विषय सक्तीचा केला. 2022 च्या नियमावलीत किमान 12 क्रेडिटचं कोर्सवर्क आहे, पण प्रबंध देण्याआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही जुनी अट काढली. माझ्या मते हे बरंच झालं. त्या अटीपायी पैसे घेऊन आठवड्यात निबंध छापणाऱ्या दुकानांचं फावलं होतं. दुकानं मात्र बंद नाही झाली, कारण प्राध्यापकाच्या बढतीत निबंध अजून मोजला जातो. 2018 च्या नियमांत विज्ञानातल्या एका निबंधाला 8 गुण आहेत.

त्यातच फेब्रुवारी 2025 मध्ये यूजीसीनं मान्य जर्नलांची केअर यादी बंद केली. कोणतं जर्नल खरं, कोणतं बनावट, हे आता संस्थेनं आणि संशोधकानं ओळखायचं. मोठ्या विद्यापीठात विचारायला माणसं असतात. बऱ्हाणपुरातल्या कॉलेजात एकटाच पीएच.डी. करणाऱ्यानं कुणाला विचारायचं? संपादक मंडळावरची माणसं खरंच तिथं आहेत का, परीक्षकांच्या शेऱ्यांना उत्तर द्यावं लागतं की थेट "स्वीकारलं" आणि बिलाचा आकडा येतो, हे तपासायलाही आधी दोन-चार चांगले निबंध वाचलेले असावे लागतात.

वाचायचं म्हटलं तर 2025 पासून 'एक देश, एक सदस्यता' सुरू झालीय. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, सुमारे 13,000 जर्नलं. सरकारी कॉलेजला ती फुकट वाचता येतात. पहिल्या टप्प्यात खासगी संस्था बाहेर आहेत, त्यामुळे एकाच शहरात एका कॉलेजच्या पोराला निबंध मिळतो, दुसऱ्याला नाही. आणि जिथं मिळतो तिथं लॉगिन किती जणांनी उघडलं, हे आपल्या ग्रंथपालांना एकदा विचारून बघा.

सीमेची अडचण वेगळीच. मावा काही राज्याची हद्द बघून उडत नाही. पण आपलं विद्यापीठ इकडचं, जळगावचं केळी संशोधन केंद्र तिकडचं, पालचं कृषी विज्ञान केंद्र तिकडचं आणि बऱ्हाणपूरचं इकडचं. पत्रव्यवहार भोपाळमार्गे करायचा की सरळ गाडीला किक मारून रावेरला जायचं? ज्यांनी ओळखीवर दुसरा रस्ता धरला, त्यांचं काम पुढं सरकतं. ओळख नसलेल्याचं काय, हा प्रश्न राहतो.

पैशाची मोठी मागणी इथं नाहीच. दोन्ही बाजूंच्या कॉलेजांनी महिन्यातून एक शनिवार एकत्र बसून एक निबंध फाडून वाचावा : नमुने कसे घेतले, कुठं चुकलं. पानांना आकडे असलेली वही, ज्यात फसलेला प्रयोगही शाईनं लिहिलेला राहील. आणि मळ्यात जाण्याआधी संख्याशास्त्राच्या माणसाला गाठावं, आल्यावर नाही. हे करणारे प्राध्यापक आपल्याकडे अगदीच नाहीत असं नाही. पण त्यांना तासांतून सूट नाही, निवडणूक ड्युटी मात्र आहे.

पुढची मृग बाग जूनमध्ये लागेल. रोपं उतरतील त्याच दिवशी वीस मळ्यांत पाच-पाच झाडांना खूण करून ठेवायची, तर ठिकाणांची यादी मे महिन्यातच तयार हवी.