डोंगरावरचा धूर आधी कोण पाहणार?



होळी सरली की भोर-वेल्ह्याचे डोंगर पिवळे पडतात आणि एखाद्या रात्री लांबवर लाल माळ दिसू लागते. एस.टी.तला शहरी पाहुणा म्हणतो, "काय शोभा आहे!" ती शोभा नव्हे, तो वणवा. ज्याच्या दावणीला दोन गुरे आहेत पण नावावर गुंठाभर जमीन नाही, त्याची वैरण तिथे जळत असते. डोक्यावर मोळी आणणाऱ्या आपल्या माय-बहिणींचे सरपण तिथे जळत असते.

आपल्याकडे वणवा बहुधा माणसाच्या हातूनच लागतो. बिडीचे थोटूक, भाताच्या रोपासाठी भाजलेल्या राबाची ठिणगी, नाहीतर "जाळले की गवत जोमाने येते" हा जुना समज. राखेतून हिरवे कोंब लवकर दिसतात, हे खरे. पण बी, रोपटी आणि पाखरांची घरटी त्यात जातात. उघड्या पडलेल्या उताराची माती पावसाबरोबर ओढ्याने खाली धरणात जाते.

वणवा लहान असतो तेव्हा चार माणसे ओल्या डहाळ्यांनी झोडपून तो विझवतात. वाऱ्यावर चढला की गाव लोटले तरी आवरत नाही. म्हणून सगळा खेळ धूर लवकर दिसण्याचा आहे.

जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतात कोरड्या दिवसांत हौशी वैमानिक स्वयंसेवक म्हणून जंगलावर घिरट्या घालतात. सोबत शिकवून तयार केलेला निरीक्षक असतो. धूर दिसताच ते बिनतारी यंत्रावरून खाली कळवतात. आपल्याकडे हे काम उपग्रह करतो. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहाने टिपलेल्या आगींची खबर राज्यांच्या वन खात्यांना देते. नाव नोंदवले तर साध्या नागरिकालाही ती मोबाईलवर मिळते.

पण उपग्रह एका जागी थांबत नाही. आगी टिपणारे काही उपग्रह दुपारी आणि मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास वरून जातात. दुपारी चारला पेटलेली आग त्यांना रात्रीच दिसणार. लहान आग तर नजरेतून सुटूही शकते. तोरणा-राजगडाच्या पायथ्याच्या वस्तीतली गुराखी पोरे मात्र ती तेव्हाच पाहतात.

मग ती कळवत का नाहीत? "फोन केला तर बालंट आपल्यावरच येईल," ही गरिबाची भीती खोटी नाही. राखीव जंगलात आग लावणे १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे आणि संशय आधी दुबळ्यावर जातो. त्यावर उपाय एकीचा आहे. वस्तीतल्या चौघांनी मिळून वन खात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. गाव, डोंगराची बाजू आणि जवळची वाट सांगावी. वेळ लिहून ठेवावी आणि पोलीस पाटलाच्याही कानावर घालावे.

राब भाजताना भोवतीचे गवत आधी काढा, वारा पडल्यावरच काडी लावा आणि निखारे विझल्याशिवाय घरी जाऊ नका. मुलांना एवढे बजावा: आग चढाकडे माणसापेक्षा वेगाने धावते, तिच्या वरच्या अंगाला कधी उभे राहू नये. धूर पाहणे हे पोरांचे काम, विझवणे मोठ्यांचे.

सुट्टीत गावी जाल तेव्हा हा क्रमांक घराच्या दारामागे खडूने लिहून या.