छप्पर आपले, ऊन आपले. मीटर कोणाच्या नावावर?

घरावर सोलर प्लेटा बसविणे ही श्रीमंतांची हौस आहे, अशी समजूत आमच्या मंगरूळपीरच्या बाजारात अजूनही आढळते. आम्ही कापडाचा धंदा करणारी माणसे. हौस कशाला म्हणावे आणि माल कशाला म्हणावे, हे आम्हास थोडेबहुत कळते. पैसा टाकल्यावर जी वस्तू दरमहा काही परत देते ती हौस नव्हे. तेव्हा या विषयाकडे व्यापाऱ्याच्या नजरेने एकदा पाहावे, अशी आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांस विनंती आहे.

प्रथम विजेचे बिल नीट वाचावे. आपल्यापैकी बहुतेकजण खालचा आकडा पाहतात, शिव्या देतात आणि भरून मोकळे होतात. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिल्या १०० युनिटचा दर कमी असतो. १०१ ते ३०० युनिटचा दर त्याच्या दुपटीच्या आसपास जातो आणि ३०० च्या वर आणखी चढतो. म्हणजे महिन्याला २५० युनिट जाळणाऱ्या घरात वरची १५० युनिटेच खिसा कापतात. विदर्भाच्या उन्हाळ्यात कुलर, फ्रिज आणि पाण्याची मोटर चालली की हा आकडा कोणत्याही साध्या घरात सहज होतो.

आता सोलरचे गणित पाहू. एक किलोवॅटचा संच आपल्या भागात वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिट, म्हणजे महिन्याला ११० ते १२० युनिट देतो. पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलात जास्त. नेट मीटर बसले की आपण घेतलेल्या युनिटांतून आपण दिलेली युनिटे वजा होतात आणि उरलेल्यांचेच बिल येते. २५० मधून १२० गेले तर १३० उरले. गेली ती सगळी महाग टप्प्यातील. सर्व आकार धरून हे महाग युनिट दहा रुपयांचे समजा. महिन्याला १,२०० आणि वर्षाला १४,४०० रुपये वाचले.

खर्चाचे म्हणाल तर एका किलोवॅटला ५० ते ७० हजारांपर्यंत भाव सांगतात. आपण ६० हजार धरू. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३० हजार रुपये आणि तिसऱ्याला १८ हजार रुपये अनुदान ठरले. तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅट घेतले तरी एकूण ७८ हजारांच्या वर मिळत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर प्लेटांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, हेही भाव करताना ध्यानात ठेवावे. ६० हजारातून ३० हजार गेले. उरलेले ३० हजार दोन-सव्वादोन वर्षांत वसूल होतात आणि प्लेटांची हमी बहुधा २५ वर्षांची असते. इन्व्हर्टर मधे एकदा बदलावा लागेल, तो खर्च धरा. कापड जसे पहिल्या धुण्यात थोडे आटते तशी प्लेटही पहिल्या वर्षी किंचित उतरते, नंतर दरसाल अर्धा-पाऊण टक्का. तेही धरा. तरी सौदा फायद्याचाच आहे.

आता आमचे मत थोडे वेगळे आहे, ते सांगतो. विकणारा माणूस येतो तो तीन किंवा पाच किलोवॅटच्या खाली बोलत नाही. परंतु खरा नफा पहिल्या किलोवॅटमध्ये आहे. सर्वांत महाग युनिट तोच कापतो आणि अनुदानही पहिल्या दोन किलोवॅटवरच जास्त. त्यापुढचा प्रत्येक किलोवॅट स्वस्त युनिटे कापतो. आणि गरजेपेक्षा जास्त वीज तयार झाली तर ती पुढील बिलात जमा होते खरी, पण मार्चअखेर उरलेल्या युनिटांचा मोबदला आपण देतो त्या दराने मिळत नाही. लग्नसराईत दोनशे साड्या खपणार असतील तर पाचशे भरू नयेत, इतके आपल्या धंद्यातील पोरालाही समजते. गेल्या बारा महिन्यांची बिले समोर ठेवावी, सरासरी काढावी, आणि तिच्यापेक्षा थोडा कमीच संच घ्यावा.

ज्यांचा वापर १०० युनिटच्या आत आहे, म्हणजे एका खोलीत मशीन चालविणारा शिंपी, रजया भरणारा कारागीर किंवा जरी-टिकलीचे काम करणाऱ्या भगिनी, त्यांना वरील हिशेब तितका लागू पडत नाही, कारण त्यांचे युनिट मुळातच स्वस्त. त्यांच्यासाठी राज्य सरकारने २०२५ साली ‘स्मार्ट’ नावाची योजना आणली. तीत एका किलोवॅटला केंद्राच्या ३० हजारांशिवाय राज्याचे आणखी पैसे ठरले: दारिद्र्यरेषेखालील घरास १७,५०० आणि १०० युनिटच्या आतील सर्वसाधारण घरास १०,००० रुपये. संचाची किंमत ५० हजार धरली तर पहिल्यास अडीच हजार आणि दुसऱ्यास दहा हजार पदरचे घालावे लागतात. ही योजना प्रथम येईल त्यास प्रथम अशी आणि मर्यादित घरांसाठी ठरलेली आहे. म्हणून आज जागा शिल्लक आहे काय, हे महावितरणच्या कार्यालयात जाऊन विचारावे. चहाच्या टपरीवर विचारू नये.

आता एक गैरसमज. २००५ नंतरच्या काही वर्षांत भारनियमनाने आपले कंबरडे मोडले होते. तेव्हापासून घरोघरी बॅटरीचा इन्व्हर्टर आला आणि सोलर म्हणजे लाईट गेल्यावर चालणारी वस्तू, असे लोकांच्या मनात बसले. बांगलादेशात २००३ पासून चाळीस लाखांहून अधिक घरांत छोट्या प्लेटा लागल्या, त्या बॅटरीच्याच होत्या. जेथे तारच पोहोचली नव्हती तेथे तेच योग्य होते. आपल्याकडे अनुदानावर बसतो तो साधा संच तारेला जोडलेला असतो. लाईट गेली की तोही बंद पडतो, भर दुपारीसुद्धा. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला उलट्या विजेचा झटका बसू नये म्हणून ती व्यवस्था मुद्दाम केलेली आहे. लाईट नसतानाही मशीन चालवायची असेल तर बॅटरीचा वेगळा खर्च करावा लागतो. हे न सांगता माल गळ्यात मारणारे आहेत. आमच्या ओळखीच्या एका घरी बसविणाऱ्याने ‘आता अंधार विसरा’ असे सांगितले आणि पहिल्याच वादळात घरात मेणबत्त्या लागल्या.

माल पारखून घ्यावा. आपण थानावरचा शिक्का आणि ताग्याचा काठ पाहतो तसे प्लेटेवरील वॅट आणि कंपनीचे नाव पाहावे. अनुदानासाठी देशात बनलेले सेल असलेल्याच प्लेटा लागतात, हे पावतीवर लिहून घ्यावे. प्लेटांचे तोंड दक्षिणेकडे आणि उतार सुमारे २० अंशांचा असावा. शेजाऱ्याच्या मजल्याची किंवा कडुलिंबाची सावली एका प्लेटेवर पडली तरी साध्या संचात सगळ्या रांगेची वीज घटते. जुन्या मातीच्या भिंती आणि टिनपत्र्यांची घरे अजून पुष्कळ आहेत. तेथे आधी मिस्त्रीला दाखवावे, नाहीतर मे-जूनच्या वावटळीत प्लेटांसह पत्रेही उडतील. सोयाबीन निघताना जी धूळ उडते ती प्लेटांवर बसते. सकाळी गार असताना साध्या पाण्याने धुवावी, दुपारी तापलेल्या काचेवर पाणी ओतू नये. वानरांचा बंदोबस्त मात्र ज्याचा त्याने करावा. त्यांच्यासाठी कोणतीही योजना निघालेली नाही.

हे सर्व ठीक, पण आमच्या मते आपल्या मोहल्ल्यात खरी अडचण पैशाची कमी आणि कागदाची जास्त आहे. दादाहयात कलंदर यांच्या दर्ग्याच्या परिसरातील जुन्या घरांची बिले काढून पाहा. कितीतरी मीटर मरहूम दादांच्या नावावर आहेत. घर तीन भावांत वाटून खाल्ले जाते, बहिणींचा हिस्सा कागदावर कधी आलाच नाही, आणि वीस वर्षे बिल मात्र एका मयत माणसाच्या नावे इमानेइतबारे भरले जाते. योजनेचा अर्ज ज्याच्या नावे वीजजोडणी आहे त्याने करावयाचा असतो आणि अनुदान संच सुरू झाल्यावर थेट बँकेच्या खात्यात येते. मयताच्या नावे हे कसे जमणार?

शिवाय आपल्या वऱ्हाडातील नावांचा घोळ. बिलावर ‘शे.’, आधारवर ‘शेख’, बँकेत ‘मो.’, घरपट्टीवर ‘मोहम्मद’, आणि सातबाऱ्यावर तलाठ्याच्या मर्जीप्रमाणे ‘महंमद’. माणूस एक, कागद पाच. सोलरचे राहू द्या, याच घोळापायी आपली कितीतरी कामे अडतात. नावबदलासाठी मृत्यूचा दाखला, घरपट्टीची पावती, वारसांची संमती आणि थकबाकी शून्य, एवढे लागते. वारसांची संमती घ्यावयाची म्हणजे भावाबहिणींनी एकदा बसावे लागते. या निमित्ताने बहिणींचा हिस्साही ठरून जाईल, आणि तो ठरावा. सोलर नाही बसले तरी चालेल.

खाली दुकान आणि वर घर असणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की अनुदान घरगुती जोडणीलाच आहे, दुकानाच्या मीटरला नाही. घरातल्या घरात चालणाऱ्या छोट्या कामाला ठराविक युनिटपर्यंत घरगुती दरच लागतो. ती मर्यादा कार्यालयात विचारून घ्यावी आणि उगाच चोरट्यासारखे मशीन चालवू नये.

राहिला पैसा. सरकारी बँका या कामासाठी तारण न घेता कर्ज देतात, व्याज साधारण सहा-सात टक्के. ज्यांना व्याजाचे वावडे आहे, आणि आपल्यात असे पुष्कळ आहेत, त्यांनी घरी बसून राहावे असे नाही. अनुदान नंतर येत असल्याने आरंभी पूर्ण ६० हजार लागतात, तेवढाच अडथळा आहे. आपल्या बाजारात बी.सी. चालतेच. लिलावाची नव्हे, चिठ्ठीची घालावी. दहा दुकानदारांनी दरमहा सहा-सहा हजार टाकले की महिन्याला एका घरावर एक किलोवॅट लागतो आणि दहा महिन्यांत दहा घरे होतात. ज्याचे अनुदानाचे ३० हजार खात्यात आले त्याचे पुढचे पाच हप्ते त्यातूनच निघतात. पहिली चिठ्ठी कोणाची, यावर वाद नको असेल तर ज्याचा नावबदल आधी झाला त्याचे घर आधी, असे ठरवून टाकावे.