पाणी ओतत राहू नका, गळती शोधा

‘जुनी गाडी आहे, थोडंफार पाणी पिणारच’ असं म्हणून केबिनमध्ये पाण्याचा कॅन ठेवणाऱ्या सगळ्या ट्रकमालकांना आणि चालकांना हे कळकळीनं सांगायचं आहे. इंजिन पाणी पीत नाही. रेडिएटरमधलं पाणी आतल्या आत फिरत असतं. ते वरचेवर कमी होत असेल, तर एक तर ते बाहेर पडतंय, नाही तर जिथं शिरायला नको तिथं शिरतंय. गाडी कितीही जुनी असली तरी यात फरक पडत नाही. सुरुवातीला हे दुखणं एखाद्या होज पाइपचं किंवा क्लिपचं असतं. तेवढ्याकडे दुर्लक्ष केलं, की एक दिवस कसारा किंवा खंबाटकी घाट चढताना भरल्या गाडीचं इंजिन तापतं, हेड वाकतं, आणि काम हेड उतरवण्यावर, कधी लायनर-पिस्टनवर जातं. ऐन उसाच्या हंगामात गाडी गॅरेजला उभी राहते ती वेगळीच.

आधी जिवाचं बघा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका. शिट्टी धरलेल्या कुकरचं झाकण कुणी ओढून काढत नाही, तसंच हे. झाकणातली स्प्रिंग आत दाब धरून ठेवते, म्हणून पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं, की दाब सुटतो आणि तेच पाणी उकळत, वाफेसकट तोंडावर येतं. ओलं फडकं टाकून भागत नाही. वरचा होज पाइप उघड्या हातानं निवांत धरता येईपर्यंत थांबा. तापल्या इंजिनात गार पाणीही एकदम ओतू नका, हेडला तडा जातो.

शोध घ्यायचा तो सकाळी, पहिला सेल्फ मारण्याआधी. गरम इंजिनावर बारीक गळती जागच्या जागी वाळून जाते, दिसत नाही. शिवाय काही गळत्या इंजिन गार असतानाच होतात: रात्री रबर आणि पाइप आकसतात, क्लिप सैल पडते, थेंब पडतात, इंजिन तापलं की सगळं फुगून घट्ट बसतं आणि दिवसभर काहीच सापडत नाही. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवा. पण डाग पडला त्याच्या बरोबर वरच गळती आहे, असं धरून चालू नका. गाडी चालू असताना पंखा पाणी मागं उडवतो आणि ते चेसिसवरून कुठंही उतरतं. ओल्या जागेवरून वर वर जात राहा आणि सगळ्यात उंच खूण गाठा. कूलंट असेल तर हिरवट किंवा गुलाबी खरपुडी दिसेल, नुसतं पाणी असेल तर क्षाराचा पांढरा थर आणि गंजाचा ओघळ.

वॉटर पंप मात्र टॉर्च घेऊन, वाकून बघा. पुलीच्या मागं, पंपाच्या पोटाला एक बारीक भोक असतं. ते मुद्दाम ठेवलेलं आहे. आतलं सील गेलं, तर पाणी बेअरिंगमध्ये न जाता तिथून बाहेर यावं म्हणून. त्या भोकातून तांबूस ओघळ खाली आलेला असेल, तर पंपाचे दिवस भरले. पंखा हातानं पुढं-मागं हलवून बघा, खेळ लागला तर बेअरिंगही गेलं. काही जण ते भोक एपॉक्सीनं बुजवतात. कृपा करून तसं करू नका. पाणी बेअरिंगमध्ये जातं, बेअरिंग तुटतं, आणि फिरता पंखा थेट रेडिएटरच्या जाळीत घुसतो.

होज पाइप गार असताना दाबून बघा. टोकाजवळ चिरा, क्लिपखाली फुगवटा किंवा मऊ पडलेलं रबर दिसलं तर पाइप बदला. नवीन पाइप चढवण्याआधी लोखंडी तोंड पॉलिश पेपरनं चकचकीत करा, कारण गंजाच्या खवल्यांवर कोणताच पाइप धरत नाही. क्लिप कसताना जोर लावून रबर कापू नका.

तांब्या-पितळेच्या जुन्या रेडिएटरला चांगला कारागीर डाख देऊन देतो आणि ते काम टिकतं. पण महिन्या-दोन महिन्यांत त्याच जागी पुन्हा सुटत असेल, तर कारागिराला बोल लावण्याआधी रेडिएटरखालची रबरी बुशं बघा. ती झिजली असतील, तर चेसिसचा प्रत्येक हिसका त्या सांध्यावर बसतो. ब्लॉकच्या कडेची वाटीसारखी प्लगंही बघा, विशेषतः सायलेन्सरच्या बाजूची आणि मागच्या अंगाची. ती आतून गंजतात. एक गळायला लागलं तर बाकीचीही त्याच वयाची आहेत, तेव्हा हात पोहोचतोय तोवर सगळी बदलून घ्या.

एवढं करूनही गळती सापडली नाही, तर फिटरकडून प्रेशर टेस्ट करून घ्या. हातपंपानं गार रेडिएटरमध्ये झाकणावर छापलेल्या आकड्याइतका दाब भरायचा आणि काटा उतरतो का ते बघायचं. काटा उतरतोय, पण बाहेर थेंब नाही, म्हणजे पाणी आत जातंय. ऑइलची दांडी काढा. ऑइल दुधी कॉफीच्या रंगाचं झालं असेल तर गाडी चालू करू नका, तशीच टोइंग करून न्या. पाण्यात तेलाचा तवंग आहे, पण चेंबरमधलं ऑइल स्वच्छ आहे, तर ऑइल कूलरवर पहिला संशय घ्या.

रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले, की बहुतेक ठिकाणी लगेच हेड उतरवायची भाषा सुरू होते. तिथं थोडं थांबा. पुष्कळ ट्रकांत ब्रेकच्या हवेचा कॉम्प्रेसरही पाण्यावरच गार होतो. त्याचं गॅस्केट फाटलं, की तो हवा पाण्यात ढकलतो आणि लक्षण हुबेहूब हेड गॅस्केटसारखं दिसतं. चाकांना उटी लावून, गाडी उभ्या जागीच ठेवून कॉम्प्रेसरची हवा सोडणारी नळी सैल करायला सांगा. बुडबुडे थांबले तर दोष कॉम्प्रेसरचा, थांबले नाहीत तर मग हेडकडे वळा. एवढ्या एका तपासणीनं मोठा खर्च वाचू शकतो. एअर टाकीचा ड्रेन उघडल्यावर पाण्याबरोबर कूलंटचा रंग आला, तर संशय आणखी पक्का होतो.

रेडिएटरमध्ये हळद टाकायचा उपाय रस्त्यावर सगळ्यांना माहीत आहे. आडरानातून घरापर्यंत यायला तो चालेल. पण जी हळद गळतीचं भोक बुजवते, तीच रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवते. घरी आलात की सगळं पाणी काढून आतून धुऊन घ्या आणि खरी गळती दुरुस्त करा.

बोअरचं पाणी भरणं मात्र आजपासून बंद करा. त्याच्या क्षारांचा थर आत बसतो, आणि कूलंट नसलेलं पाणी ब्लॉक आतून खातं. कंपनीच्या पुस्तकात दिलेलं कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून भरा. काढलेलं जुनं कूलंट अंगणात किंवा नालीत सोडू नका. त्यातलं एथिलीन ग्लायकॉल गोडसर आणि विषारी असतं, कुत्री आणि गुरं ते चाटतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर नाव लिहून, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा.

भरताना सावकाश भरा, हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करून ठेवा, नाहीतर आत हवा अडकते आणि दुरुस्त केलेली गाडीही तापते. इंजिन एकदा तापून पूर्ण गार झालं, की पातळी पुन्हा बघा, क्लिपा पुन्हा कसा, आणि कूलंटच्या टाकीवर मार्करनं रेघ मारा. आठवडाभर रोज सकाळी पाणी त्या रेघेशी ताडून बघा. तोवर भरली गाडी घाटात नेऊ नका.