आजीचा सूर कुठे गेला?
लग्नाचे चित्रण करणारा ठरवताना आपण कॅमेरा विचारतो, दर विचारतो. आवाजाचे मात्र कुणीच विचारत नाही. मग चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या लग्नात झाडीबोलीतली हळदीची गाणी म्हणणारी आजी चित्रणात दिसते, पण ऐकू येते ती सिनेमातली धून! म्हणून, वाचकहो, विसार देण्यापूर्वी त्याने टिपलेले एखादे लग्न अथपासून इतिपर्यंत पाहा. निवडक तुकडे सगळ्यांचेच गोजिरे असतात. मूळ आवाजासह सारे चित्रण मिळेल, हे कागदावर घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर, मोबदला देऊन करवून घेतलेल्या अशा चित्रणाची पहिली मालकी करवून घेणाऱ्याची. तेव्हा सही वाचूनच करा. जेवणावळ पुन्हा घालता येईल. आजीचा सूर कुठून आणणार?